शेगडी निघाली प्रवासाला!

सहलीला निघताना डबे, सतरंज्या, पत्त्यांचा जोड सगळं आठवणीनं घेतलं जातं. हल्ली गॅसची शेगडीही बरोबर घेतली जाते. पण तिच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला काय जोडलंय, हे किती जण पाहतात?

राखीसाठी मी माहेरी गेले होते. माहेर म्हणजे रायपूरचा तात्यापारा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात आलेली मराठी घरं इथं आजूबाजूला नांदताहेत. रविवारची सकाळ, आठाचा सुमार. वहिनी पोहे भिजवत होती आणि दादा पेपर वाचत बसला होता. तेवढ्यात फोन वाजला. अमेरिकेतून भाची बोलत होती.

‘‘मावशी, मोठे मामा आहेत का गं? त्यांनाच दे ना फोन. आमची शेगडीच पेटत नाहीये!’’

तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. भाची, जावई आणि दोन मुलं यलोस्टोनच्या जंगलाकडे सहलीला निघाली होती. गाडी भाड्याची, पण साधी नव्हे. तिला तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात. चाकांवरचं घरच म्हणा ना! आत पलंग, न्हाणीघर, ओटा, फ्रिज, सगळी व्यवस्था. मुलांनी हट्ट धरला होता की भुट्टे बाहेर मोकळ्यावर भाजायचे. म्हणून जावईबापूंनी एक लहानशी जाळीची शेगडी विकत घेतली होती. तिला तिकडे ग्रिल म्हणतात. गाडीच्या बाजूलाच गॅसची तोटी होती. दुकानातून दोन्हीकडे बसणारी नळी आणली, तोटीला जोडली, शेगडी पेटवली. अर्धा तास झाला तरी भुट्टे हिरवे ते हिरवेच.

आमच्या दादानं चाळीस वर्षं शेगड्या दुरुस्त केल्या आहेत. त्यानं फोन हातात घेतला आणि डॉक्टर नाडी पाहतात तशी विचारपूस सुरू केली.

‘‘ज्योत पिवळी आहे की निळी?’’

‘‘निळीच आहे मामा, पण इवलीशी. निरांजनासारखी.’’

‘‘शेगडीला नळी जिथं जुळते, तिथं एक गोल डबी आहे का?’’

‘‘आहे.’’

‘‘आणि गाडीच्या टाकीपाशी? जा, बघून ये.’’

भाची पळत गेली, पळत आली. ‘‘तिथंही आहे, मोठी.’’

‘‘बस्स! एका गॅसला तू दोन रेग्युलेटर लावलेस, बेटा. ज्योत मोठी होणार कशी?’’

आईची खर्ची, आजीची कपात

फोन तात्पुरता ठेवला आणि दादानं आम्हा सगळ्यांची शिकवणीच घेतली. आपल्या घरात रोज दोन वेळा गॅस पेटतो, पण सिलिंडरच्या तोंडाशी बसलेली ती डबी नेमकं काय करते, हे निम्म्या घरांत कुणाला सांगता येणार नाही. खरं सांगायचं तर मलाही सांगता आलं नाही.

सिलिंडरमध्ये गॅस दाबून द्रवरूपात भरलेला असतो. म्हणून तर सिलिंडर हलवला की आत पाण्यासारखं डुचमळतं. वरच्या मोकळ्या जागेत या द्रवाची वाफ साठते आणि तीच आपण जाळतो. आतला दाब हवामानानुसार कमीजास्त होतो. साधारण दर चौरस सेंटीमीटरला पाच-सहा किलो, भर उन्हाळ्यात त्याहून जास्त. आणि शेगडीला किती लागतो? फक्त तीस ग्रॅम! म्हणजे जवळजवळ दोनशेपट कमी. फूटभर उंच कळशी पाण्यानं भरली तर तिच्या तळाशी जेवढा दाब पडेल, तेवढाच. दोनशेचं एक करणं हे त्या डबीचं, म्हणजे रेग्युलेटरचं काम.

‘‘आई सगळा पगार मुलांच्या हातात देते का? रोजच्या खर्चापुरतं मोजून देते. रेग्युलेटर तेच करतो,’’ दादा म्हणाला. ‘‘आता आईनं दिलेल्या खर्चीतून आजीनं पुन्हा कपात केली, तर पोरांच्या हाती काय उरणार? भाचीच्या शेगडीचं तेच झालंय.’’

गंमत अशी की, याबाबतीत तात्यापाऱ्यातला ओटा आणि अमेरिकेतलं ते चाकांवरचं घर यांत काहीच फरक नाही. तिकडे गॅसचा दाब पाण्याच्या उंचीच्या इंचांत मोजतात आणि आरव्हीच्या आतल्या नळ्यांत तो अकरा इंच ठेवतात. आपले तीस ग्रॅम म्हणजे पाण्याचे सुमारे बारा इंच. सात समुद्रापलीकडे गेलं तरी पोळी भाजायला आच तेवढीच लागते!

फरक असतो तो सुट्या शेगडीत. सहलीच्या या लहान शेगड्या मुळात एक पौंडाच्या, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम गॅसच्या लहान बाटलीवर चालण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या बाटलीला स्वतःचा रेग्युलेटर नसतो. म्हणून तो शेगडीलाच बसवून देतात. बाटलीतून पूर्ण दाबानं गॅस येणार, हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. आरव्हीच्या बाजूच्या तोटीतून मात्र दाब आधीच कमी होऊन आलेला असतो. शेगडीचा रेग्युलेटर तो आणखी अडवतो आणि ज्योतीचं निरांजन होतं.

मग उपाय काय?

उपाय दोन आहेत. ज्यांची मुलंबाळं परदेशात आहेत, त्यांनी हे कात्रण कापून पाठवायला हरकत नाही.

पहिला उपाय म्हणजे गाडीच्या कमी दाबाच्या तोटीवर चालण्यासाठीच बनवलेली शेगडी घ्यायची. काही कंपन्या आपल्या शेगड्यांसाठी तसा वेगळा जोडसंच देतात. त्यात शेगडीचा मूळ रेग्युलेटर काढून त्या जागी साधी चावी बसवतात. दुसरा उपाय नेमका उलटा. गाडीच्या रेग्युलेटरच्या आधी, थेट टाकीपाशी एक फाटा काढून घ्यायचा आणि तिथून जास्त दाब सोसणाऱ्या नळीनं शेगडीपर्यंत गॅस आणायचा. इथं शेगडीचा स्वतःचा रेग्युलेटर जागच्या जागी हवाच हवा. दोन्ही उपायांचं सार एकच: टाकी आणि ज्योत यांच्यामध्ये शेगडीला साजेशी दाबाची व्यवस्था एकदाच असावी. दोनदा नको आणि शून्य तर कधीच नको.

हे शून्य फार महत्त्वाचं. ‘दोन रेग्युलेटर झाले ना, मग एक काढून टाकू’ असं म्हणून कुणी शेगडीचा काढतो आणि पुढच्या मुक्कामी तीच उघडी शेगडी बाटलीला किंवा टाकीच्या थेट फाट्याला जोडतो. मग निरांजनाचा वणवा व्हायला किती वेळ लागणार?

शिवाय बर्नरच्या तोंडाशी एक बारीक छिद्राचा जेट असतो. ते छिद्र ठरावीक गॅस आणि ठरावीक दाब धरूनच पाडलेलं असतं. पुण्या-मुंबईत बदली होऊन पाइपच्या गॅसचं घर मिळालं की शेगडीचे जेट बदलावे लागतात, हे पुष्कळ गृहिणींना ठाऊक असेल. पाइपमधला नैसर्गिक गॅस सिलिंडरमधल्या गॅसइतकी उष्णता देत नाही, म्हणून त्याला मोठं छिद्र लागतं. नळी दोन्हीकडे घट्ट बसली म्हणजे जोड बरोबर झाला, असं नव्हे. दुकानात मिळणारी नळी फक्त आटे जुळवते. दाब जुळतो की नाही, ते आपण पाहायचं.

दादानं पुन्हा फोन लावला. त्याचा सल्ला मात्र यांतला कोणताच नव्हता. ‘‘गाडी भाड्याची आहे. तिच्या टाकीला हात लावायचा नाही आणि शेगडीचा एक स्क्रूही काढायचा नाही. जवळच्या दुकानातून ती लहान बाटली आण आणि आज रात्री तिच्यावर भाज. शेगडी गाडीपासून दहा पावलं लांब मांड, वरच्या कापडी छपराखाली नको. फाट्याचं काय करायचं, ते गाडीवाल्यांना विचार.’’

राजिमच्या वाळूतली ती दुपार

दादा एवढा सावध का, हे वहिनीला ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे.

पस्तीसेक वर्षं झाली. हिवाळ्याचे दिवस होते. आमच्या पाऱ्यातली सात-आठ घरं मिळून राजिमला निघाली होती. रायपूरहून पंचेचाळीस किलोमीटरवरचं हे गाव. तिथं महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांचा संगम आहे. हिवाळ्यात पाणी उतरतं आणि वाळूचं मैदान मोकळं होतं. एक मेटॅडोर ठरवली होती. वांगी, कणीक, तुपाचा डबा, सगळं भरलं होतं. काकूंनी घरची दोन बर्नरची शेगडीही घेतली होती. सिलिंडर मात्र ओळखीच्या एका भट्टीवाल्याकडून आणलेला, त्याच्याच रेग्युलेटरसकट.

तो रेग्युलेटर मोठ्या भट्टीचा होता. लग्नाकार्यात हंडे-कढया चढतात तिथं जास्त दाबाचा गॅस लागतो, म्हणून त्याला कमीजास्त करायची चावी असते. घरच्या शेगडीशी त्याचा काही संबंध नाही. पण आटे कुणीतरी जुळवून दिले, नळी ओढून बसवली. काकूंनी काडी ओढली. फस्सकन आवाज झाला आणि हातभर उंच ज्वाळा उठली. त्या मागे सरतात न सरतात तोच दाबानं नळी निसटली आणि गॅस मोकळा सुटला. दादा तेव्हा विशीतला. त्यानं भिजलेलं पोतं हाताला गुंडाळलं आणि सिलिंडरची चावी बंद केली, म्हणून पुढचा अनर्थ टळला. काकूंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या दिवशी भरीत झालं नाही. परतीच्या वाटेवर मेटॅडोरमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही.

काकू बऱ्या झाल्या. पण पुढे कितीही उकाडा असला तरी त्या पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायच्या.

भाचीच्या शेगडीत झालं त्याचीच ही उलटी बाजू. दोन रेग्युलेटर लागले तर फार तर भुट्टा कच्चा राहतो. चुकीचा लागला तर माणूस भाजतं.

गॅस नेमका कुठे जातो?

घरातल्या गॅसपेक्षा गाडीतला गॅस जास्त धोक्याचा का, तेही समजून घ्यायला हवं. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. गळला तर तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. घरात दारं-खिडक्या उघडल्या की वारा त्याला बाहेर काढतो. गाडीच्या बंद डब्यात तो आसनांखाली, पायांपाशी दबा धरून बसतो. हवेत त्याचं प्रमाण शेकडा दोनच्या आसपास गेलं की एक ठिणगीही पुरते. मग ती विजेच्या बटणाची असो की सिगरेटची.

सिलिंडर आडवा ठेवला तर आणखी एक घोटाळा होतो. वाफेऐवजी द्रवच नळीत शिरतो आणि बाहेर पडताच सुमारे अडीचशेपट फुगतो. एवढ्यासाठीच सिलिंडर नेहमी उभा ठेवायचा असतो. आरव्हीत टाक्या गाडीच्या बाहेर किंवा बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवतात. राहत्या जागेत जमिनीलगत गॅस हुंगणारं यंत्र बसवलेलं असतं. गाडी चालू असताना आणि पेट्रोल भरताना टाकी बंद करावी, असंही तिकडे बजावून सांगतात. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा अशी घरं आपल्या रस्त्यांवरही दिसू लागली आहेत. पण बहुतेक कुटुंबं जातात ती भाड्याच्या जीपनं नाहीतर मिनीबसनं, आणि सिलिंडर ठेवला जातो मागच्या सीटखाली, आडवा!

आगगाडीत तर याला सक्त बंदी आहे. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यानुसार ज्वालाग्राही वस्तू बरोबर नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी लोक नेतात. २६ ऑगस्ट २०२३ ची पहाट आठवा. लखनौहून दक्षिणेच्या यात्रेला निघालेला एक खास डबा तमिळनाडूत मदुराई स्थानकाजवळ उभा होता. यात्रेकरूंनी चोरून आणलेल्या सिलिंडरवर चहा-नाश्त्याची तयारी चालू असताना आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. देवदर्शनाला निघालेली माणसं होती ती. चहा तर फलाटावरही मिळाला असता.

घरचा सिलिंडर न्यावा का?

आपला १४.२ किलोचा लाल सिलिंडर नोंदलेल्या पत्त्यावरच्या घरगुती स्वयंपाकासाठी असतो. सहल, हॉटेल, भट्टी यांसाठी तो वापरणं नियमाबाहेरचं आहे. ज्यांना पक्कं बिऱ्हाड नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी आणि फिरत्या नोकरदारांसाठी तेल कंपन्यांनी पाच किलोचा लहान सिलिंडर आणला आहे. इंडेननं २०२० मध्ये त्याचं नाव ‘छोटू’ ठेवलं. ओळखपत्र दाखवलं की तो मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्याचा रेग्युलेटर आणि नळीही त्याच वितरकाकडून घ्यावी. मुक्कामाच्या बंगल्यात किंवा धर्मशाळेच्या मोकळ्या आवारात हा छोटू कामाचा आहे. पण लहान आहे म्हणून तो आगगाडीत चालतो असं नाही.

बाजारात आणखी एक प्रकार दिसतो. रंगीत टाकी आणि तिच्या डोक्यावरच फिरवून बसवलेला बर्नर. मोठ्या सिलिंडरमधला गॅस चोरून त्यांत भरून देणारेही असतात. अशा टाक्यांत किती भरलं, याचा हिशेब नसतो. द्रवाला फुगायला वर मोकळी जागा उरली नाही तर उन्हात काय होईल, ते सांगायला नको. स्वस्त मिळते म्हणून मुलाच्या होस्टेलच्या सामानात ती घालू नका.

थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आपल्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन अशी दोन द्रव्यं असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही वाफ होतं. ब्युटेन मात्र शून्याच्या आसपासच आळसावतं. म्हणून डोंगरावर कडाक्याच्या थंडीत शेगडी मंद होते. अमेरिकेत प्रामुख्यानं प्रोपेनच वापरतात, त्यामुळे त्यांना ही अडचण कमी. पण ज्योत मंद झाली म्हणून सिलिंडर शेकोटीजवळ नेऊ नका, की त्यावर उकळतं पाणी ओतू नका. त्या दिवशी खिचडीला जरा वेळ लागेल, इतकंच. आणि थंडी वाजते म्हणून बंद गाडीत किंवा तंबूत शेगडी पेटती ठेवून झोपू नका. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास.

निघण्यापूर्वी एवढं पाहा

• शेगडी, नळी आणि रेग्युलेटर एकमेकांसाठीच बनलेले आहेत ना? भट्टीचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला कधीही लावू नका.

• नळी आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळी हवी. तिच्यावर मुदत छापलेली असते. ती पाच वर्षांनी बदला. भेगा दिसल्या तर त्याआधीही.

• सिलिंडरच्या कड्यावर एक अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडा वर्षाचा. ही मुदत उलटली असेल तर सिलिंडर परत करा.

• जोड झाला की साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती. काडी ओढून गळती पाहण्याचा शहाणपणा कुणी करू नये.

• शेगडी मोकळ्यावर, सपाट जागी, आडोसा धरून मांडा. गाडीत, तंबूत, ताडपत्रीखाली नको.

• काम झालं की आधी सिलिंडरकडून गॅस बंद करा, शेगडीची चावी मग.

• गॅसला मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. वास आला की काडी नको, विजेचं बटण नको. माणसं बाहेर काढा, सिलिंडर बंद करा आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा.

नाहीतर सरळ तीन दगडांची चूल मांडा! वाळूत मांडलेल्या चुलीवरच्या वांग्याला जी चव येते, ती कोणत्याही गॅसला येत नाही. राजिमच्या त्या दुपारनंतर आमच्या पाऱ्यातल्या सहली तशाच झाल्या. निघताना विस्तवावर पाणी ओतून राख गार झाल्याची खात्री केली की झालं.

तासाभरानं पुन्हा फोन वाजला. लहान बाटली मिळाली होती. शेगडी एका रेग्युलेटरवर छान पेटली होती. भुट्ट्यांवर काळे ठिपके उठले होते आणि मुलं तिखट-मीठ-लिंबू चोळत होती. भाचीनं फोन त्यांच्यासमोर धरला.

दादानं भुट्ट्याकडे पाहिलंच नाही. ‘‘आधी मला नळीचा जोड दाखव,’’ म्हणाला. तिनं दाखवला. त्यानं चष्मा वर सरकवून नीट पाहिला, मान हलवली आणि मग वहिनीला हाक मारली, ‘‘हं, आता आण पोहे.’’